ओन्साची थुंकी

"चावला होतात ना तुम्ही तो दाणा, नानाय?"

"चावला."

"आणि गिळलात?"

"गिळला. अख्ख्या गावानं बघितलं. किती वेळा विचारशील?"

"तोंडातून खरं बाहेर पडेपर्यंत."

"ए लुर्दिस, सासू आहे मी तुझी. चौकीत पकडून आणलेली चोर नाही."

"मग हे काय आहे? हे!"

लुर्दिसनं परात बाकावर आपटली. कालच्या बाप्तिस्म्याच्या जेवणातली उरलेले पिलीचे दाणे होते तिच्यात, साखरेत घोळवलेले. झाकण काढल्याबरोबर वास अंगणभर पसरला. बंद खोलीत कुणी जुन्या रंगाचे डबे उघडे ठेवावेत आणि त्यांच्यावर पाक ओतावा, तसला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण ते खाण्याचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

"मुंग्यांनी साखर तेवढी चाटली, नानाय. दाणा टाकून दिला. मुंग्यांना कळतं!"

"मग मुंगीला सासू करून घे."

मी फणसाखाली पिली फोडत बसले होते. तीनधारी टणक करवंटी, ओंडक्यावर उभी धरायची आणि कोयत्याचा एकच घाव. हात थांबवला असता तर मी ऐकतेय हे कळलं असतं, म्हणून ठोकत राहिले.

"हसून उडवू नका," लुर्दिसचा आवाज चिरला. "नळावर काय चाललंय ठाऊक आहे? ओन्सानं गिळला होता, म्हणजे दाणा चांगलाच असणार. सुनेनंच आत नेऊन बदलला. चांगला माल बाहेर काढला आणि नासका पाहुण्यांच्या पानात वाढला. मी गेले की नाकाला रुमाल लावतात. पोरंटोरं मला 'खवट' म्हणून हाक मारतात! उद्या माझ्या लेकीला खवटची पोर म्हणतील. एक वाक्य मागतेय मी तुमच्याकडे. रविवारी चर्चबाहेर उभं राहून सांगा की जीभ माझी चुकली, सुनेनं काही बदललं नाही. बास."

तिया ओन्सा खाकरली आणि पायरीशेजारच्या आपल्या ठरल्या जागी थुंकली. दोन कोंबड्या धावत आल्या.

"ओन्साची जीभ चुकत नाही," ती म्हणाली. तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं, तशी.

या थुंकीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर हे भांडण कळायचं नाही.

ओन्सा माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी तिया, बाकी गावाची मानाय, म्हणजे मानाची थोरली ताई. बुलुसान ज्वालामुखीच्या पायथ्याशी आमच्या गावात दाराशी पिलीचं झाड नाही असं घर सापडणार नाही. काळंजांभळं फळ कोमट पाण्यात मऊ करून, गर माशाच्या खारात बुडवून खायचा. करवंटी चुलीत घालायची, ती कोळशासारखी धगधगते. आणि आतला दाणा म्हणजे तेलच, वरून दाण्याचं सोंग घेतलेलं. तीन वाटे दाणा घेतला तर दोन वाटे तेल. बाळंतीण उठून बसायच्या आत तिच्या हातावर मूठभर पिली ठेवतात. वादळात भात गेला, केळी गेली, तरी पिलीच्या पोत्यावर माणसं जगलेली आहेत.

पण एवढं तेल पोटात घेऊन बसलेली वस्तू नासते कशी, ते ज्यानं हुंगलं त्यालाच ठाऊक. करवंटी शाबूत आहे तोवर दाणा राजा. करवंटीला चीर गेली, ओल शिरली, वारा लागला, की तेल फुटायला लागतं. आधी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. मग रंगाचा. मग घशात मागच्या बाजूला कुणी पीस फिरवतंय अशी खाज. नुसत्या वासाची गोष्ट असती तर भाजून घालवता आली असती. ती तेलाचीच मोडतोड असते, मोडलेलं तेल पुन्हा जुळत नाही. भाजा, तळा, पाकात बुडवा. साखर जिभेला थोडा वेळ गप्प बसवते इतकंच.

तियाचा पहिला धडा मात्र पोटातून आला. ती लहान असताना मोठं वादळ झालं आणि हिरवी पिली खाली पडून नुसता सडा झाला. मोठी माणसं छपरं शोधत फिरत होती. पोरांनी दगडांनी दाणे फोडले आणि तपकिरी सालासकट मचामचा खाल्ले. ते साल काढायचं असतं. आतडी सोलवटून काढतं ते. दुपारपर्यंत गावातली सगळी पोरं चर्चच्या पडक्या भिंतीमागं ओळीनं बसली होती, पानं मिळेनाशी झाली होती, आणि वर पाऊस. "लोकांना संकटात देव आठवतो," तिया म्हणायची, "मला ती भिंत आठवते." तेव्हापासून तिला किळस यायला लागली, आणि त्या किळसेवर तिनं अख्खं आयुष्य उभं केलं.

लग्नसुद्धा. सोर्सोगोन शहरातून एक स्थळ आलं होतं, केसांना चोपडून खोबरेल, पांढरा शर्ट, सोबत आई. तिया कॉफी घेऊन बाहेर आली, त्याच्या डोक्यावर वाकली आणि त्याच्या आईला म्हणाली, "मुलगा बरा आहे हो, पण डोकं नासलंय." मग तिनं तेबानशी लग्न केलं. तो मासळीचा वास मारत यायचा. "मासळी निदान मी मासळी आहे असं सांगते तरी," ती म्हणायची.

गावात हळूहळू रीतच पडली. पोतं उघडलं की मूठभर दाणे घेऊन मानाय ओन्साच्या पायरीशी यायचं. ती कोमट पाण्यात साल काढायची, दाणा तोंडात टाकायची, डोळे मिटायची. चर्चमध्ये मिटावेत तसे. जबडा हळूहळू फिरायचा, मग थांबायचा. तिनं गिळलं तर माल चांगला. थुंकली तर घरी जा, दिव्यात जाळ, डुकरांना घाल, काय वाटेल ते कर, माणसाच्या तोंडी नको. शब्द एक नाही. हुज्जत घालायला कुणी धजत नसे. एकानं घातली होती. तिनं तोच चावलेला चोथा त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "घे, तू चाख." तो घेऊन घरी गेला बिचारा.

मग गेल्या वर्षी तापाची साथ आली. तिया उठली, पण नाक उठलं नाही. काही दिवस वासच नव्हता, आणि मग वास परत आला तो उलटा होऊन.

हे मला तिनं डुकरांच्या खोपटापाशी सांगितलं. मेरीमातेची शपथ घालून.

"कॉफी, पोरी. कॉफीला टायर जाळल्याचा वास येतो. लसणीला मेलेल्या उंदराचा. भाताची वाफ आली की वाटतं गटाराचं झाकण काढलंय. तेबान शेजारी झोपला की मी भिंतीला नाक लावून झोपते."

"आणि पिली?"

"सगळी नासकी. झाडावरून आत्ता उतरवलेली, आणि कुजून वास मारणारी, दोन्ही एकच. तोंडात घातली की पोटातून उमासा येतो. तरी चावायची. समोर माणूस उभा असतो ना."

"इथं कशी उभी राहतेस मग? या घाणीत?"

ती हसली. डुक्कर तिच्या घोट्याला नाक घासत होतं. "हीच तर गंमत आहे. घाणीचा वास तेवढा घाण येत नाही मला. इथंच काय ते बरं वाटतं."

"डॉक्टरला दाखवू."

"आणि नळावर सगळ्यांना कळवू, ओन्साची जीभ मेली म्हणून? उद्या माझ्या पायरीवर कोण येईल? मी काय, म्हातारा आणि डुकरं सांभाळणारी एक बाई. जिभेमुळं मानाय आहे मी."

"मग पारख कशी करतेस?"

"तोंडं वाचते." आपल्या गालावर बोट ठेवून तिनं दाखवलं. "ज्याचा माल नासका, त्याचा घसा माझ्या आधी हलतो. तो हसतो, पण डोळ्यांपर्यंत हसू पोचत नाही. बायका तर बोलतच सुटतात. ज्याला ठाऊक आहे तो लपवतो, आणि ज्याला लपवायचंय त्याचं तोंड उघडं पडतं."

आणि चालत होतं हे! वर्षभर ती ज्यांच्या दाण्यावर थुंकली त्यांची पोती खरोखर खवट निघाली. मी पाहत होते आणि मलाच शहारा यायचा. चावणाऱ्या बाईला तोंडभर जे लागतंय ते आपल्याला कल्पनेतही गिळवणार नाही, आणि ती समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून शांतपणे जबडा फिरवतेय. डोळे मिटणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

एकच गोष्ट तिला झेपत नव्हती. लुर्दिसला मुलगी झाली. घरात पहिलं नातवंड. सगळ्यांनी बाळाचं डोकं हुंगून बघितलं, दुधाचा, नव्या कातडीचा तो वास. तियानं पोरीला उचललं, टाळूशी नाक नेलं आणि तिचा चेहरा असा आक्रसला की लुर्दिसनं बाळ हातातून ओढून घेतलं. "मुलगी झाली म्हणून एवढं तोंड वाकडं?" त्या टाळूला तियाला खवट तेलाचा वास आला होता. तेव्हापासून नातीची पापी घेताना ती श्वास रोखून धरायची, आणि लुर्दिस ते बघायची.

बाप्तिस्मा ठरला. लुर्दिस तेव्हा गुबातला माहेरी होती. मधेच वादळ येऊन गेलं होतं. ती परतली, कोठीतलं पोतं तिनं उघडलं आणि रीतीप्रमाणं मूठभर दाणे घेऊन पायरीशी आली. दाण्यांना कोठीतला धूरकट वास येत होता, तेवढाच. सासू घरचीच, पण रीत ती रीत. शेजारणी जमल्या. तियानं दाणा चावला, डोळे लुर्दिसवर. लुर्दिसचा चेहरा स्वच्छ होता, बाळाला कडेवर सावरत होती, घाई होती तिला, लपवायला काहीच नव्हतं. तियानं गिळलं.

काल जेवणं झाली. धर्ममाता म्हणून दोन्या प्रेसिंग, गावप्रमुखाची बायको, लेसचा झगा घालून बसली होती. पहिली वाटी तिची. तिनं दाणा तोंडात टाकला, "अहाहा" म्हणाली, चावला आणि थांबली. पाद्रीनं चावला, गिळला, पाणी मागितलं. त्याच्या बहिणीनं रुमालात थुंकलं आणि तोच रुमाल हसत हसत पर्समध्ये ठेवला. सगळे खात होते! ओन्सानं गिळलेला दाणा वाईट आहे असं म्हणायचं कुणी? तोंडं हिरवी पडत होती आणि वाट्या पुढं सरकत होत्या. मला त्या दाण्याहून त्या हसण्याची जास्त शिसारी आली. शेवटी दोन्या प्रेसिंगच उठली, दारापर्यंत पोचली नाही, आणि तिनं पाळण्याशेजारी सगळं बाहेर काढलं. लेसवर.

"माझी जीभ चुकत नाही म्हणताय," लुर्दिस आता म्हणत होती, "मग दाणा बदलला असंच ना? मीच ना?"

"मी असं म्हटलं नाही."

"पण तसं नाही असंही म्हणत नाही!"

तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून तियो तेबान परसातून आला. त्यानं परात बघितली, आपली बायको बघितली, आणि जाळं खाली ठेवायचं विसरला.

"ओन्सा," तो म्हणाला, "ते पोतं भिजलं होतं."

माझा कोयता थांबला.

"कुठलं पोतं?" तियानं विचारलं.

"कोठीतलं. वादळात छप्पर उडालं तेव्हा. लुर्दिस माहेरी होती. मी चुलीवर धुरी देऊन वाळवलं आणि परत शिवलं. म्हटलं, तू ओरडशील. म्हटलं, तू चाखशीलच की. खराब असेल तर थुंकशील."

"आणि मी चाखत होते तेव्हा तू कुठं होतास, म्हाताऱ्या?"

"मागं. तुझ्या पाठीमागं उभा होतो. मला काही बघवेना."

तियाच्या तोंडावरचा रंग उतरला. का उतरला ते मला एकटीलाच कळलं. ज्या तोंडावर सगळं लिहिलं होतं, ते तिच्या पाठीमागं होतं.

लुर्दिस मात्र हळूहळू खाली बसली. रडेल असं वाटलं, पण ती विचार करत होती.

"म्हणजे पोतं पहिल्यापासून नासकं होतं," ती म्हणाली. "मी काही बदललं नाही. आणि नासका दाणा तोंडात असताना तुम्ही गिळलात."

"वय झालंय तिचं," तेबान म्हणाला.

"थांबा तुम्ही, तातय. नानाय, तुम्ही पूर्वी डोळे मिटायचात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हसू आवरायचं नाही, वाटायचं म्हातारीला डुलकी लागली. त्या दिवशी तुम्ही टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होतात. दाण्याकडे नाही. माझ्याकडे."

"मग? सुनेकडे बघायची बंदी आहे?"

"बाळाला जवळ घेतानाही असंच. श्वास धरून. मी समजत होते मुलगी आवडत नाही तुम्हाला." तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला वासच येत नाही का हो?"

"वास येत नाही?" तिया हसली, फार वाईट हसली. "मला? मला जो वास येतो ना पोरी, तो तुला क्षणभर आला असता तर तू विहीर जवळ केली असतीस."

"मग दाखवा."

लुर्दिस आत गेली आणि दोन वाट्या घेऊन आली. दोन्हींत पिलीचं तेल, फिकट पिवळं, दिसायला जुळं. एक माझ्या आईनं सकाळी पिळून पाठवलेलं, एक त्या भिजक्या पोत्यातलं, रात्री दिव्यासाठी पिळून ठेवलेलं. ते दुसरं इतकं कुबट होतं की फणसाखाली बसून मला घशात खाज आली. भेद करायला जीभ लागत नव्हती, नाकपुडीचं टोक पुरे होतं.

"कुठलं ताजं ते सांगा. बरोबर सांगितलंत तर मी स्वतः चर्चबाहेर उभी राहीन, म्हणेन हो, मी बदलला दाणा. खवट मीच. आणि नाही सांगता आलं तर रविवारी तुम्ही उभ्या राहाल."

"लुर्दिस, पुरे," तेबान म्हणाला.

"तातय, भिंतीकडे तोंड करा. तूसुद्धा गं, कोयतेवाली. वळ."

मी वळले. पण वळता वळता बघितलं. लुर्दिसनं खांद्यावरचं बाळाचं दुपटं काढलं आणि स्वतःच्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत गच्च गुंडाळलं. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. सासूसमोर नुसतं पांढरं कापड उभं.

"घ्या," कापडामागून ती म्हणाली. "वाचा आता."

मला समोर फक्त फणसाचं खोड दिसत होतं, त्याच्यावरून ओघळलेला चीक. पाठीमागं वाटीचा आवाज झाला. सुर्रकन एक घोट. तो गिळल्याचा आवाज, घशातून कष्टानं उतरलेला. मग दुसरी वाटी. दुसरा घोट तोंडातच फिरत होता, फिरतच राहिला. खोल कुठूनतरी उमासा आला, तो दाबला गेला, पुन्हा आला. कोंबड्या पायरीपाशी धावल्याचं ऐकू आलं आणि त्या तशाच थांबल्या, कारण थुंकी पडली नाही.

"कुठली, नानाय?" लुर्दिसनं विचारलं. तिचं दुपटं श्वासानं आत ओढलं जात असणार, आवाज गुदमरत होता. "मला तुम्हाला हरवायचं नाहीये. खरंच नाही. वास उलटा येतो एवढं म्हणा, मी सांगेन लोकांना, आजार आहे म्हणून सांगेन. पोरीची पापी श्वास रोखून का घेता तेही मला कळेल. डावी की उजवी? की माहीत नाही? तेवढं तरी म्हणा."

बाक करकरला. वाट्या एकावर एक ठेवल्याचा आवाज झाला, तेल सांडलं.

मी वळून बघितलं. तिया ओन्सा अंगणातून चालली होती, ओठ घट्ट मिटलेले, दुसरा घोट अजून गालात. फाटकापाशी पलीकडच्या आळीतली एक बाई मुठीत दाणे घेऊन केव्हाची ताटकळत उभी होती.

"मानाय, जरा चाखता का? आजच पोतं उघडलं."

बाईनं मूठ उघडून पुढं धरली आणि हसली. तियानं तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, दाण्यांकडेही नाही. ती तिच्या बाजूनं निघून डुकरांच्या खोपटाच्या वाटेला लागली. मागं लुर्दिस तोंडाला दुपटं गुंडाळून तशीच उभी होती, उत्तराकडे कान लावून.